मैदानावर पुकारलेली कंपनी

“जयवंता, आज तुझ्या गळ्याची कसोटी हाय,” असं म्हणत विष्णूतात्यांनी माईक माझ्या हातात दिला. “कुस्त्या तर पुकारायच्याच, पण त्यांच्या मधे मधे आज कंपनी पुकारायची.”

“कंपनी? कुठल्या तालमीची?” मी म्हणालो.

स्टेजवरची माणसं खो खो हसली. तात्या काही हसले नाहीत. गावचे पंच, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, डोक्याला तांबडा पटका. त्यांनी मैदानाच्या कडेला बोट दाखवलं. तिथं ट्रॉलीवर कपाटाएवढं एक पत्र्याचं यंत्र उभं होतं. यंत्राला झेंडूची माळ घातलेली, आणि शेजारी तात्यांचा पुतण्या प्रणव मुळीक अंग चोरून उभा. इंजिनीअर पोरगा, पुण्याला चांगली नोकरी होती, ती सोडून आल्याचं माझ्या कानावर होतं.

“द्राक्षाचा बेदाणा करायला शेडवर पंधरा दिवस लागत्यात,” तात्या म्हणाले. “हे यंत्र दोन दिवसांत करतंय. बँक पोराला दारात उभं करंना. म्हणून इंटरनेटवर साध्या माणसांकडनं पैसा गोळा करायची जी सोय हाय, तिथं त्यानं कंपनीचं नाव घातलंय. ज्याला जमंल त्यानं पाच हजार घालावं, दहा घालावं. साठ लाख गोळा व्हायला पायजेत. आज रातीला मुदत संपती आणि अठरा लाख कमी पडत्यात.”

“आणि न्हाई पुरं झालं तर?”

“तर ज्याचं त्याला माघारी जातंय आणि कंपनीला छदाम मिळत न्हाई. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय, जयवंता.”

मी माईकवर फुंकर मारली. इज्जतीचा सवाल म्हटल्यावर निवेदकानं काय बोलायचं?

मी निवेदक कसा झालो ते सांगतो. तालमीत गुडघा गेला तेव्हा कुस्ती सुटली, मैदान मात्र सुटलं नाही. विट्यापासून पार सांगोल्यापर्यंत कुठंही जत्रेचं मैदान असलं की मला सांगावा यायचा. पैलवानाचं गाव, वस्ताद, गेल्या साली कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. आवाज असा की वीज गेली तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. फुशारकी मारत नाही, विचारा कुणालाही! आणि कुस्त्यांइतकंच महत्त्वाचं माझं दुसरं काम म्हणजे देणगीदारांची नावं पुकारणं. आमच्याकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या. वर्षभर ही माणसं परमुलखात, कुणी सेलमला, कुणी कोचीनला, आणि जत्रेला मात्र गावात हजर. एका शेठचं अकरा हजारांना नाव पडलं की दुसरा एकवीस म्हणणारच. त्यांना चढवायचं माझ्या आवाजानं.

त्यात एक रीत पक्की होती. मैदानात नाव पुकारलं की शब्द गेला, तो माघारी घ्यायचा नाही. एका साली ज्ञानू टेलरनं भरात येऊन पाच हजारांचं नाव दिलं. घरी गेल्यावर बायकोनं कपाळ बडवून घेतलं, पण गड्यानं शेळ्या विकून पैसे भरले.

देवाच्या कामाची ही रीत तात्यांनी कंपनीला लावली होती. बरं, हे गाव माझंही नव्हे. माझं गाव पलीकडं तीन कोसांवर. तळेवाडी हे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. म्हणजे मैदानात मी राजा असलो तरी गावात पाहुणाच.

पहिल्या चार जोड्या सुटल्या आणि तात्यांनी खूण केली. मी आवाज लावला.

“ऐका हो ऐका! तळेवाडीच्या मातीतला पोरगा, तळेवाडीच्या मालकीची कंपनी! सेलमचे प्रसिद्ध गलाई उद्योजक शिवाजीशेठ देवकर यांच्याकडून मुळीक बेदाणा कंपनीत पाऽऽच लाख रुपये!”

हलगी कडाडली, शिट्ट्या वाजल्या. शिवाजीशेठनी खुर्चीतून उठून चारी दिशांना हात जोडले. लगेच कोचीनवाल्यांचे दोन लाख आले, गुवाहाटीवाल्यांचे दोन आले. स्टेजच्या बाजूला टेबल मांडून प्रणवची एक पुण्याची सहकारी बसली होती. नाव पडलं की माणूस तिथं जायचा, ती त्याच्या मोबाईलवर सगळं भरून घ्यायची, आणि तो गुलाल लावून परत यायचा. मग बारकी नावं सुरू झाली. हॉटेलवाला मारुती दहा हजार. अंगणवाडीच्या बाई पाच हजार. आणि आमचा ज्ञानू टेलर, त्याच्या अंगात काय आलं कोण जाणे, वीस हजार!

माझाही गळा तापला होता. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. मैदान हातात आलं की निवेदकाला भूक-तहान लागत नाही.

मधल्या वेळेत पाणी प्यायला मी स्टेजमागं गेलो, तर प्रणव तिथं उकिडवा बसलेला. तोंडावर आनंद नाही.

“काय रे, वरात तुझी आणि तूच रुसलास?”

“नाही काका. एवढ्या भराभर लोक पैसे देतायत ना, छातीत धडधडतंय.”

“चांगलंच की. आता मला नीट सांग, मी पाच हजार घातले तर मी मालक झालो का? सातबाऱ्याला नाव लागतं तसं?”

त्यानं मान हलवली. “मालक नाही होत. शेअरसुद्धा मिळत नाही सरळ. पुढं कंपनी मोठी झाली, कुणी मोठ्यानं विकत घेतली, तर त्या वेळच्या भावानं तुमच्या वाट्याचे पैसे मिळतात.”

“आणि कुणी घेतलीच न्हाई तर?”

तो काही बोलणार तेवढ्यात वरून तात्यांची हाक आली, “जयवंता, कुठं मेलास?” आणि मी वर पळालो. पण त्याचं अर्धं राहिलेलं उत्तर डोक्यातून जाईना.

वर शिवाजीशेठ माझ्याच खुर्चीत बसून उसाचा रस पीत होते. मी खाली वाकून विचारलं, “शेठ, पाच लाखाचं एवढं मोठं धाडस? यंत्र बघितलंत का चालवून?”

“यंत्र? मला काय कळतंय त्यातलं!” शेठ हसले. मनाचा मोकळा माणूस. “जयवंतराव, असे मी दहा ठिकाणी टाकलेत. कुणाचं मोबाईलचं, कुणाचं औषधाचं. दहातले नऊ बुडणार हे धरूनच टाकायचे. एखादा लागला तर सगळं भरून निघतं. न्हाई लागला तर जत्रंला उडवले असं समजायचं.”

“आणि ज्याच्याकडं दहा न्हाईत, एकच हाय?”

“त्यानं कशाला पडायचं यात?” असं म्हणून त्यांनी ग्लास खाली ठेवला. ते अगदी सहज बोलून गेले. समोर ज्ञानू टेलर कपाळाला गुलाल लावून मांडी ठोकत होता, त्याच्याकडं बघवेना मला.

मोठ्या कुस्त्या जवळ आल्या तशी कंपनी अडली. अठरातले बारा-तेरा लाख झाले आणि नावं आटली. मी घसा फोडून ओरडतोय आणि लोक पैलवानांकडं बघतायत. तात्यांची घालमेल सुरू झाली. पटका काढायचा, घाम पुसायचा, परत घालायचा.

तेवढ्यात स्टेजच्या पायऱ्यांपाशी हौसाक्का आली.

हौसाक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. नवरा भीमराव शिवाजीशेठच्याच गलाईत कामाला होता. ॲसिडच्या धुरानं त्याची छाती गेली आणि तो चाळिशीच्या आत गेला. शेठनी नंतर तिला दोन लाख दिले होते. ते तिनं पोस्टात ठेवले होते आणि तिच्या रेवतीच्या नर्सिंगची फी त्यातून व्हायची होती. पोरीचं पहिलं वर्ष दुधाच्या पैशावर निघालं होतं, जूनला दुसऱ्याची फी यातून भरायची. त्या दोन लाखांपलीकडं अक्काकडं दोन म्हशी आणि पत्र्याचं घर, बास.

नवं इरकल नेसली होती. भीमराव गेल्यापासून तिला मी नव्या लुगड्यात बघितलंच नव्हतं.

“जयवंता, लिही. दोन लाख,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पायऱ्या उतरून तिला बाजूला घेतलं.

“अक्का, खुळी का काय तू? रेवतीच्या फीचं ते!”

“फी जूनला हाय. तवर तिथं असत्याल. दुप्पट न्हाई झालं तरी आपलं हाय तेवढं तर ऱ्हातंय का न्हाई?”

“कुणी सांगितलं तुला?”

“तात्यांनी. म्हणाले, भिशीवाणी समज. अडलं तर कवाबी काढता येतंय. पोस्टातनं काढून काल बँकंत घातलंय मी. फोनवर कसं द्यायचं ते रेवतीनं दावलंय.”

“अक्का, न्हाई काढता येत. मी आत्ता पोराला विचारून आलोय. हे पोस्ट न्हवं. गेलं तर सगळंच जातंय.”

ती जराशी थांबली. मला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, “शेठांचं जातंय का? त्यांनी पाच घातलं. त्यांना कळत न्हाई आणि तुला कळतंय?”

“त्यांच्याकडं लई हायत गं!”

“आणि माझ्याकडं न्हाईत म्हणून मी घालायचं न्हाई?” तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आणून म्हणाली, “हौसाबाई भीमराव साळुंखे, दोन लाख. नाव नीट घे, घाई करू नगंस.”

आणि वळून ती देवळाच्या पायऱ्यांवर, बायकांच्यात जाऊन बसली. पाठ ताठ, नजर सरळ माझ्यावर.

मी तात्यांकडं गेलो, तर त्यांना आधीच सगळं ठाऊक. त्यांचा चेहरा खुलला होता.

“घे आता हौसाबाईचं नाव,” ते कानाशी लागून म्हणाले. “रांडमुंड बाईनं दोन लाख घातलं म्हटल्यावर एक गडी मिशीला पीळ देऊन बसतोय का बघ. राहिलेलं पाच मिंटात गोळा होतंय.”

“तात्या, पोरीची फी हाय ती.”

“तिच्या मर्जीनं देती. मी काय हात धरला?”

“कवाबी काढता येतंय म्हणून कुणी सांगितलं तिला?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यात राग नव्हता हो, काळजी होती. पुतण्याला त्यांनीच शिकवलेलं, त्याच्यासाठी त्यांनी स्वतःची बाग गहाण टाकलेली. “जयवंता, मुदत संपत आली. पोरगं जिवाचं काय करून घ्यील सांगता येत न्हाई. घे नाव.”

मी माईकपाशी गेलो. मैदान भरून वाहत होतं. हलगीवाला माझ्याकडं बघून काठी उचलून तयार. देवळाच्या पायरीवर अक्का. माझ्या तोंडातून “ऐका हो” एवढं बाहेर पडलं आणि पुढं जीभ रेटेना. इतक्या वर्षांत मैदानात मी पहिल्यांदा अडखळलो.

मग मी म्हणालो, “पुढचं नाव घ्यायच्या आधी प्रणवरावांना स्टेजवर बोलावतो.”

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रणव वर आला. मी माईक आमच्या दोघांच्या मधे धरला.

“प्रणवराव, मी शाळा अर्धी सोडलेला माणूस. मला आणि मैदानाला एवढंच सांगा. आज ज्यानं पैसे घातले, त्याला जूनमधे नड लागली, तर काढता येतील?”

“नाही,” प्रणव म्हणाला.

“पुढच्या साली?”

“सांगता येत नाही.”

“आणि कंपनी चालली न्हाई तर?”

त्यानं चुलत्याकडं बघितलं. मग यंत्राकडं बघितलं. त्या क्षणी पोरगं खोटं बोललं असतं तरी मी काय करणार होतो? पण नाही बोललं.

“तर जातील, काका. सगळ्यांचे जातील. मी जीव तोडून काम करीन, पण जाऊ शकतात. वेबसाइटवर तसं लिहिलेलंच आहे.”

हलगी थांबली. पाच हजार माणसांचं मैदान असं गार पडलं की आखाड्यातल्या पैलवानांनीसुद्धा धरलेले हात सोडले.

“ज्याला नाव माघारी घ्यायचंय त्यानं हात वर करावा,” मी म्हणालो. “मैदान हसणार न्हाई, ही जबाबदारी माझी.”

मी ज्ञानू टेलरकडं बघितलं. त्यानं हात उचलला. हात वर गेला, आणि त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. अंगणवाडीच्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मारुतीनं दुसरीकडं तोंड फिरवलं. सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांना कळलं होतं, आणि एक हात वर आला नाही. नाव पुकारून झालं होतं ना!

तात्यांनी माझं मनगट धरलं. “पाव्हणा हायस, पाव्हण्यासारखा ऱ्हा,” ते दातांतल्या दातांत म्हणाले. “तुझी भन ह्याच गावात नांदती, हे ध्यानात ठेव.”

आणि तेवढ्यात देवळाकडून हाक आली.

“जयवंता! माझं नाव घे!”

अक्का उभी राहिली होती. आमच्या घराण्यात आवाज आहेच, माईक लागत नाही. सगळं मैदान तिकडं वळलं. बायाबापड्या तिचा पदर ओढून खाली बसवत होत्या, ती बसत नव्हती.

“घे म्हणते ना नाव!”

माझ्या डोळ्यांसमोर रेवती आली. पांढऱ्या कपड्यात पहिल्यांदा माझ्या पाया पडायला आलेली, “मामा, आता तुमचा गुडघा मीच बरा करणार” म्हणणारी. आणि मला भानच राहिलं नाही की माईक तोंडाशी आहे.

“अक्का, घरी चल. घरी गेल्यावर बोलू.”

चारी भोंग्यांतून ते वाक्य गावभर गेलं. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं मैदान हसलं. “जावा बाई घरी!” म्हणून मागून एकजण ओरडला. अक्काचं तोंड मला तेवढ्या लांबूनही दिसलं. ते मी कुणाला सांगत नाही.

मी माईक टेबलावर ठेवला. “माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, तात्या. दुसरं कुणी बघा.”

तात्यांनी दुसरं कुणी बघितलं नाही. त्यांनीच माईक उचलला आणि ते हात वर करून ओरडले, “कैलासवासी भीमराव साळुंखे यांच्या पत्नीकडून दोऽऽन लाख! गड्यांनो, बाईमाणूस पुढं गेलं! तुम्ही काय बांगड्या भरल्या का?”

हलगीवाल्यानं जी सुरुवात केली तो थांबलाच नाही. माणसं उठून टेबलाकडं पळाली. पाच हजार, दहा हजार, पंधरा. आत्ताच सगळे पैसे जाऊ शकतात हे कानानं ऐकलेली माणसं ती. तात्यांना नावं घेता घेता दम लागला. अक्का गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेली, रेवतीचा मोबाईल त्या पुण्याच्या मुलीपुढं धरला आणि काम झाल्यावर माझ्या बाजूला न बघता निघून गेली.

दिवस मावळायच्या आत साठ लाख पुरे झाले. प्रणवला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला. पोरगं रडत होतं, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतंय. मी शेवटची कुस्ती न बघता मोटारसायकलला किक मारली. मानधन मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. तळेवाडीचं मैदान त्या दिवसापासून मला बंद झालं.

जून आला. अक्का तात्यांकडं गेली. तात्या म्हणाले, बघतो, पोराला सांगतो. पोराला सांगून काय होणार होतं? पैसे यंत्रांच्या पत्र्यात गेले होते. मी पतसंस्थेतून कर्ज काढून फीचे पैसे घेऊन गेलो, तर अक्कानं दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी बघितली आणि दार लावून घेतलं. बाहेर अर्धा तास बसलो. रेवती आतून रडत होती, “आई, घे की गं!” म्हणत होती. दार उघडलं नाही. पोरगी कॉलेजातून नाव काढून विट्याच्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला लागली.

कंपनी तशी वाईट चालली नाही. अकरा यंत्रं विकली. मग एका हंगामात गारपिटीनं बागा झोडपल्या, ज्यांनी यंत्रं उधार नेली होती त्यांनी हात वर केले, पगार थकले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत सगळ्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत एक पत्र आलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही त्याचा अर्थ कळला. शिवाजीशेठ सेलमहून फोनवर मला म्हणाले, “मी म्हणालो न्हवतो? दहातले नऊ.” त्यांच्या आवाजात रागलोभ काही नव्हता. ज्ञानू टेलर मात्र मला बाजारात आडवा आला आणि म्हणाला, “तू मैदानात अपशकुन केलास, त्याचं हे फळ.”

प्रणव एकेका घरी जाऊन हात जोडत होता. एक दिवस माझ्या दारात आला. निम्मा राहिला होता.

“काका, सगळीकडं जाऊन आलो. तुमच्या बहिणीच्या घरी एकट्यानं जायची हिंमत होत नाही. तुम्ही येता?”

“मला ती उंबऱ्याच्या आत घेत नाही रे.”

“मग दोघं मिळून बाहेर उभे राहू.”

गेलो. अक्का अंगणात म्हशीची धार काढत होती. प्रणवनं हात जोडले. तिनं चरवी खाली ठेवली, हात पुसले.

“आत ये, बाळा. तोंड किती उतरलंय तुझं!”

त्याच्या मागोमाग मीही आत शिरलो. तिनं घोंगडं टाकून दिलं, चहा ठेवला, माझ्याकडं मात्र बघितलं नाही. प्रणव म्हणाला, “मावशी, मी फेडीन. कधी ते सांगत नाही, पण—”

“नगं काय कबूल करूस. त्या दिवशी बी तू खरं बोललावतास. मीच ऐकलं न्हाई. चहा पी.”

तो चहा पिऊन, तिच्या पाया पडून गेला. मी उठलो नाही. माझ्या मनात राग साठत चालला होता. दोन वर्षं मी दारातून माघारी फिरलेला माणूस!

“अक्का, ज्यानं पैसे बुडवले त्याला चहा पाजतीस,” मी म्हणालो, “आणि ज्यानं आडवा हात घातला त्याचं तोंड बघत न्हाईस. हा कुठला न्याय?”

ती चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “ह्या गावात आल्यापासनं दर जत्रंला मी देवळाच्या पायरीवर बसून तुझा आवाज ऐकलाय. शेठांची नावं घेतलीस, पंचांची घेतलीस, कुठकुठल्या पैलवानांच्या बापांची बी घेतलीस. हे म्हणायचे, हौसे, तुझा भाऊ एक दिवस तुझं बी नाव पुकारील बघ. मला खरं वाटायचं. मग हे गेले. ते पैसे यांच्या छातीचं मोल हुतं, जयवंता. मला वाटलं, निदान त्यावर तरी एकदा ते नाव व्हावं. आमच्या दोघांचं, तुझ्या तोंडनं. आणि तू काय म्हणालास? घरी चल. पाच हजार माणसांत हसवलंस मला. तात्यांनी नाव घेतलं तेबी यांचंच घेतलं, माझं घेतलंच न्हाई कुणी.”

“मला तुला वाचवायचं हुतं, अक्का,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येईना. “रेवतीची फी वाचवायची हुती.”

“वाचली का?”

“न्हाई.”

“न्हाई ना वाचली? पैसं जायचं ते गेलंच,” अक्का म्हणाली. “मग नाव तरी घ्यायचं हुतंस.”